वाळवंटांतला सरडा घरीं पाळावा काय ?

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं श्रोत्यांना हसूं आलें असेल. कुत्रें पाळावें कीं मांजर, असा प्रश्न असता तर तो गृहस्थाच्या घराला शोभला असता; पण सरडा ? आपल्याकडे सरड्याचें नांव निघतें तें बहुधा कुंपणाच्या संबंधांत, नाहींतर मत बदलणाऱ्या एखाद्या पुढाऱ्याची संभावना करावयाची असली म्हणजे. परंतु गेल्या कांहीं वर्षांत पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतून हा प्रश्न खरोखरीच विचारला जाऊं लागला आहे, आणि तो संगमनेरास मजपर्यंत येऊन पोंचला यावरून त्याचा पसारा किती झाला असेल याची कल्पना यावी.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास नोकरीला आहे. त्याच्या अकरा वर्षांच्या कन्येनें ऑस्ट्रेलियांतला दाढीवाला सरडा पाहिला, आधीं मोबाइलच्या पडद्यावर आणि मग एका दुकानांत प्रत्यक्ष. इंग्रजींत त्याला 'बिअर्डेड ड्रॅगन' म्हणतात. तो आपल्या घरीं यावा असा तिनें ध्यास घेतला. मुलगी हट्टी नाहीं, अभ्यासू आहे. तिनें त्या प्राण्याची माहिती वहींत उतरून काढली, दिवा किती वॅटचा लागतो हेंहि लिहिलें आणि ती वही वडिलांपुढें ठेवली. वडील म्हणाले, "आपण गुरुजींना विचारूं." घरांत तिचा तीन वर्षांचा धाकटा भाऊ आहे आणि सत्तरी ओलांडलेली आजी आहे. हीं दोन माणसें श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावींत; त्यांचें काम पुढें पडणार आहे.

मी कांहीं प्राणिशास्त्राचा पदवीधर नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि जन्मभर मुलांना शिकवीत आलेला मनुष्य आहें. पण मुलीची वही पाहून तिला नुसतें 'होय' किंवा 'नाहीं' कळविणें मला बरें वाटेना. म्हणून वाचून, विचारून जें समजलें तें सविस्तर लिहून पाठविलें. तेंच आज आपणांस सांगतों.

वाळवंटी सरडा म्हटला कीं खरें म्हणजे प्रथम आपल्याच देशांतला सांडा आठवावयास हवा. राजस्थानांत थरच्या वाळवंटांत आणि गुजराथेंत कच्छच्या बाजूस हा राहतो. शेपूट जाड व कांटेरी, पण स्वभाव अगदीं निरुपद्रवी; आहार बहुतांशीं पाल्याचा. कठीण जमिनींत बीळ खणतो, आंत गेला कीं मातीनें बिळाचें तोंड बुजवून घेतो, आणि हिवाळा तेथेंच निजून काढतो. अशा सज्जन प्राण्याची आपण काय गत केली आहे तें बाजारांत दिसतें. रस्त्याच्या कडेला चटई पसरून 'सांडेका तेल' विकणारे लोक आपण पाहिले असतील. शेपटीच्या चरबीचें हें तेल सांधेदुखीवर आणि पौरुषावर चालतें असें ते ओरडून सांगतात. त्यांत औषधी गुण असल्याचें कांहीं सिद्ध झालेलें नाहीं. पुढें मांडलेले जिवंत सांडे पळून कां जात नाहींत, हें मात्र घोळक्यांतला कोणी विचारीत नाहीं. ते पळूं नयेत म्हणून त्यांचा कणा आधींच मोडलेला असतो. एखाद्या दयाळू माणसाला वाटेल कीं, दोन पैसे टाकून त्यांतला एक तरी सोडवावा. पण विकल्या गेलेल्या सांड्याची जागा दुसऱ्या दिवशीं दुसरा सांडा घेतो, आणि पैसे टाकणारानें त्याचा प्रवासखर्च भरलेला असतो. असें दृश्य महाराष्ट्रांत दिसलें तर विकत कांहीं घेऊं नये. वन विभागाचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे, त्यावर कळवावें.

सांड्याप्रमाणेंच घोरपडीचें. घोरपड आपल्या मनांत सिंहगडाशीं बांधली गेली आहे. १६७० सालीं तानाजी मालुसऱ्यांनीं गड घेतला त्या वेळीं यशवंती नांवाची पाळीव घोरपड कड्यावर चढविली, ही कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकली आहे. पोवाड्यांतून ती घरोघर गेली. इतिहासकार बहुधा तिला दंतकथाच मानतात. कथा म्हणून ती सांगावी, मीहि वर्गांत सांगितली आहे. पण तिच्यावरून घोरपड पाळण्याजोगी आहे असें कोणी अनुमान काढूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचींत घोरपड आहे. कायद्याच्या भाषेंत 'शिकार' या शब्दांत पकडणें, फांस लावणें हेंहि येतें, नुसतें मारणेंच नव्हे. आणि पहिल्या अनुसूचींतल्या प्राण्याबद्दलची शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची आहे. तेव्हां देशी प्राण्यापुरता प्रश्न येथेंच संपतो. माळावरून कोणताहि सरडा, सापसुरळी किंवा घोरपडीचें पिल्लूं उचलून घरीं आणूं नये.

राहतां राहिला परदेशी सरडा. ज्यांना लोक शहरांत हौसेनें घेतात त्यांत दोन मुख्य. एक हा दाढीवाला, आणि दुसरी ठिपक्याठिपक्यांची 'लेपर्ड गेको' नांवाची पाल. हिचें मूळ अफगाणिस्तान-पाकिस्तानाच्या बाजूच्या कोरड्या, खडकाळ मुलुखांत. आपल्या घरांतल्या पालीला पापण्या नसतात, हिला असतात. आणि सांड्यासारखी हीहि शेपटींत चरबी सांठविते. ती रात्रीं हिंडते, तिची काळजी कांहींशी सोपी असते. पण मुलीच्या मनांत भरला होता तो दाढीवाला, म्हणून त्याचाच विचार करूं.

हा ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागांतल्या रखरखीत प्रदेशांतला रहिवासी. अंड्यांतून निघतो तेव्हां जेमतेम बोटाएवढा असतो; वर्ष-दीड वर्षांत शेपटीसह दीड ते दोन फूट लांब होतो. दुकानांत दिसतें तें बहुधा पिल्लूं, हें ध्यानांत ठेवावें. रागावला कीं गळ्याची कांटेरी कातडी फुगवून काळी करतो, म्हणून दाढीवाला. मोठ्या सरड्यापुढें लहान सरडा एक हात उचलून हळूहळू हलवितो, जणूं 'तुम्ही मोठे' असें म्हणतो. डोक्याच्या मध्यभागीं त्याला एक बारीक ठिपक्यासारखा तिसरा डोळा असतो. त्यानें चित्र दिसत नाहीं, पण उजेड आणि सांवली कळते. वरून हात आला कीं त्याला ससाणा आल्यासारखें वाटतें. म्हणून ज्याला तो हाताळावयाचा असेल त्यानें हात नेहमीं बाजूनें न्यावा.

आतां मुख्य मुद्दा. कुत्र्याला आपण घरांत घेतों तेव्हां त्याचें ऊबदार रक्त तें बरोबर घेऊन येतें. अन्न खाल्लें कीं त्याच्या अंगांत उष्णता उत्पन्न होते. थंडी पडली तर तें अंग आवळून निजतें. सरड्याची गोष्ट निराळी. त्याच्या शरीराची शेगडी बाहेर असते. सकाळीं तो उन्हांत पोटावर पसरून अंग तापवून घेतो, पुरेसें तापलें कीं शिकारीला निघतो, फार तापलें कीं सांवलींत जातो, आणि असें दिवसभर ये-जा करून अंगाची उष्णता पस्तीस अंशांच्या आसपास राखतो. ही उष्णता त्याला नुसती हिंडण्याफिरण्यासाठीं लागत नाहीं, अन्न पचविण्यासाठींहि लागते. पोट भरलेलें आणि अंग थंड, अशी स्थिति फार वेळ राहिली तर खाल्लेलें अन्न पोटांत तसेंच पडून राहतें आणि प्राणी आजारी पडतो. उष्णतेची सत्ता त्याच्यावर किती आहे याचें एक नवल सांगतों. याचीं अंडीं साधारण बत्तीस अंशांहून अधिक उष्णतेंत उबविलीं तर गुणसूत्रांनीं जे नर व्हावयाचे त्यांतले कित्येक माद्या होऊन बाहेर येतात; हें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें.

म्हणून या सरड्याला घर करून द्यावयाचें म्हणजे पेटीच्या एका टोंकाला चाळीस अंशांच्या आसपास तापलेला दगड आणि दुसऱ्या टोंकाला पंचवीस-सव्वीस अंशांची सांवली, अशी दोन ऋतूंची व्यवस्था चार फूट लांबीच्या पेटींत करून द्यावयाची. दोन्ही टोंकांना उष्णतामापक हवा. अंदाजावर काम भागत नाहीं.

यावर माझ्या विद्यार्थ्यानें मला लगेच विचारलें कीं, "गुरुजी, आपलें संगमनेर काय कमी तापतें ? तेथें तर दिवा लागणारच नाहीं." प्रश्न बरोबर होता, पण अर्धाच. आमचें गांव पर्जन्यछायेंतलें. पश्चिमेस अकोल्याच्या डोंगरांत, भंडारदऱ्याकडे पाऊस धो धो कोसळतो, आणि त्याच दिवशीं आमच्या तालुक्याच्या पठारावरून ढग नुसते ओलांडून जातात. उन्हाळ्यांत पारा चाळीसच्या घरांत असतो. परंतु चाळीस अंशांची खोली आणि चाळीस अंशांचा दगड यांत अंतर आहे. वाळवंटांतल्या सरड्याला दगड तापला तर हातभर खालीं थंड बीळ असतें. पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या खोलींत ठेवलेल्या कांचेच्या पेटीला तसें बीळ नसतें; तेथें सगळेंच तापतें आणि प्राणी पळणार कोठें ? उन्हाच्या झोतांत ठेवलेल्या बंद कांचेच्या पेटींत तो थोड्याच वेळांत मरतो. याच्या उलट डिसेंबरांत आमच्याकडे रात्रीं पारा पुष्कळ खालीं उतरतो. आणि मग पावसाळा ! पुण्यास जुलै-ऑगस्टमध्यें दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाहीं, भिंतींना ओल येते, चपलांवर बुरशी चढते. कोरड्या हवेसाठीं जन्मलेल्या प्राण्याच्या फुप्फुसांना ही ओल बाधते, तोंड उघडें ठेवून तो श्वास घेऊं लागतो, नाकातोंडाशीं फेस येतो. त्यांत वीज गेली तर पेटी तासाभरांत निवते. ज्यांच्याकडे पाण्याच्या टाकीवरचा पंप चालावा म्हणून इन्व्हर्टर नाहीं, त्यांनीं सरड्यासाठीं घेण्याची तयारी ठेवावी.

विजेचा हिशेब मुलीच्या वहींत नव्हता, तो मीं करून दिला. तापविण्याचा दिवा शंभर वॅटचा आणि उजेडाची नळी चाळीस वॅटची धरली, आणि दोन्ही रोज बारा तास चालले, तर दिवसाला पावणेदोन युनिटांच्या आंतबाहेर, महिन्याला सुमारें पन्नास युनिट. हा प्राणी नीट संभाळला तर दहा ते पंधरा वर्षें जगतो. बारा वर्षें धरलीं तरी सात हजारांवर युनिट होतात. उन्हाळ्यांत कांहीं कमी लागतील, तें सोडून देऊं.

ही 'उजेडाची नळी' काय, हें येथें सांगावयास हवें, कारण पुष्कळ घरांत सरडे मरतात ते ती नसल्यामुळें. सूर्यप्रकाशांत डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांतल्या एका विशिष्ट पट्ट्यांतल्या किरणांनीं कातडींत 'ड' जीवनसत्त्व तयार होतें, आणि तें असेल तरच अन्नांतला चुना हाडांत जातो. लहान मुलांचा मुडदूस आपल्या पिढीनें पाहिलेला आहे: पाय वांकडे, डोकें मोठें, मूल किरकिरें. सरड्याला ऊन मिळालें नाहीं तर त्यालाहि हाच रोग होतो. जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटें थरथरतात, पुढें त्याला अंग उचलवत नाहीं. आणि येथें सुशिक्षित घरें फसतात तीं अशीं: पेटी खिडकीशीं ठेवली, ऊन आंत येतें आहे, मग काळजी कसली ? पण खिडकीची कांच उजेड व ऊब आंत सोडते आणि नेमके हे किरण अडवून धरते. ऊन लागतें पण पोसत नाहीं. विकत मिळणाऱ्या नळ्यांचीहि हीच लबाडी आहे. त्यांचा प्रकाश वर्षानुवर्षें दिसतो, पण ते किरण सहा महिने ते वर्षभरांत क्षीण होतात. नळी चालू असली तरी बदलावी लागते. सर्वांत उत्तम म्हणजे सकाळचें खरें ऊन. जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवून, अर्ध्या भागावर सांवली करून, कोणीतरी शेजारीं बसून रोज अर्धा तास दाखविलें तर फार चांगलें. शेजारीं बसणें महत्त्वाचें. गच्चीवर घारी, कावळे आणि मांजरें असतात.

अन्नाविषयीं थोडक्यांत सांगतों. पिल्लाला किडे फार लागतात, मोठ्याला पाला अधिक. दुधी, लाल भोपळा, गाजर, कोथिंबीर, जास्वंदीचीं फुलें व पानें हें आपल्याकडे सहज मिळतें. पालक मात्र रोज देऊं नये, तो चुना बांधून ठेवतो. किडे विकत घ्यावे लागतात किंवा घरींच डब्यांत वाढवावे लागतात, आणि त्यांच्यावर चुन्याची औषधी पूड भुरभुरवून ते जिवंत घालावे लागतात. शाकाहारी स्वैंपाकघराच्या शेजारीं झुरळांचा किंवा रातकिड्यांचा डबा ठेवण्यास घरची माउली तयार आहे काय, हें आधींच विचारावें. बागेंतले किडे पकडून घालूं नयेत, त्यांवर फवारे मारलेले असतात. आणि काजवा तर कधींहि नाहीं. आमच्या बाजूला भंडारदऱ्याच्या झाडांवर मे अखेरीस काजव्यांचा जो दीपोत्सव होतो तो पाहावयास पुण्या-मुंबईचीं मोटारी भरभरून माणसें येतात. अमेरिकेंत असे काजवे खाऊन पाळलेले दाढीवाले सरडे मेल्याचें आढळून आलेलें आहे. एवढ्या मोठ्या प्राण्याला एक काजवा पुरला. आपल्या काजव्यांत तेंच विष आहे किंवा काय, याचा प्रयोग कोणी घरीं करून पाहूं नये.

आतां तो धाकटा भाऊ आणि आजी. सरपटणाऱ्या पुष्कळ प्राण्यांच्या आंतड्यांत 'साल्मोनेला' नांवाचे जंतु असतात. त्या प्राण्याला त्यांची बाधा होत नाहीं. तो टुणटुणीत दिसतो. पण ते विष्ठेंतून त्याच्या अंगावर, पेटीवर, पाण्याच्या वाटीवर येतात, तेथून हातावर आणि हातावरून तोंडांत. मोठ्या धट्ट्याकट्ट्या माणसाला चार दिवस जुलाब व ताप येऊन तो बरा होतो. लहान मुलाला आणि वृद्धाला हा रोग रक्तांत शिरून जिवावर बेतूं शकतो. अमेरिकेंत २०१२ ते २०१४ या काळांत याच दाढीवाल्या सरड्यांपासून पसरलेल्या सांथींत शंभरावर माणसें आजारी पडल्याची नोंद झाली, आणि त्यांत निम्म्याहून अधिक पांच वर्षांचीं किंवा त्याहून लहान मुलें होतीं. त्याच देशांत छोट्या कांसवांमुळें मुलें आजारी पडूं लागलीं म्हणून चार इंचांहून लहान पाठीचीं कांसवें विकण्यास १९७५ सालींच बंदी घालण्यांत आली. तेथील सरकारी आरोग्यखातें स्पष्ट सांगतें कीं, पांच वर्षांखालचें मूल, पासष्ट वर्षांपुढचें माणूस किंवा रोगप्रतिकारशक्ति क्षीण झालेलें माणूस घरांत असेल तर असा प्राणी घरांत आणूं नये. "आम्ही हात धुऊं" असें मुलीनें लिहिलें होतें. ती धुईल याबद्दल मला शंका नाहीं. पण तीन वर्षांचें मूल बहिणीच्या ओढणीला धरून चालतें, आणि तीच ओढणी तोंडांत घालतें.

माझ्या दृष्टीनें पुण्याच्या त्या घराचा निकाल येथेंच लागला होता. बाकीचें मीं लिहिलें तें ज्यांच्या घरीं अशी अडचण नाहीं त्यांच्यासाठीं.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. ऑस्ट्रेलियांतून तेथील वन्यप्राणी व्यापारासाठीं बाहेर पाठविण्यास बंदी आहे. जगांत आज जे दाढीवाले पाळले जातात ते पूर्वीं कधींतरी बाहेर गेलेल्या सरड्यांची पिंजऱ्यांतली वंशावळ होय. ही वंशावळ आपल्या देशांत आणावयाची तर परदेश-व्यापार महासंचालनालयाचा परवाना आणि पशु-विलगीकरण खात्याची तपासणी लागते. प्रत्यक्षांत कित्येक प्राणी कसे येतात, तें वर्तमानपत्रांत दिसतें: २०२५ च्या जून महिन्यांत थायलंडहून मुंबईच्या विमानतळावर उतरलेल्या प्रवाशांच्या सामानांतून सीमाशुल्क अधिकाऱ्यांनीं साप, सरडे आणि इतर प्राणी बाहेर काढले. कपड्यांच्या घडींत, पिशव्यांत कोंबलेले. जे वाटेंत मरतात त्यांची किंमत जगलेल्यांवर चढते. २०२० सालीं केंद्र सरकारनें परदेशी प्राणी बाळगणारांना ते स्वेच्छेनें जाहीर करण्याची सवलत दिली होती. पुढें २०२२ मध्यें कायदा दुरुस्त झाला आणि २०२४ मध्यें नोंदणीचे नियम निघाले. आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत ज्या जाती आहेत, उदाहरणार्थ हिरवा इग्वाना, त्या बाळगणाराला 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंदणी करावी लागते. म्हणून प्राणी घेण्यापूर्वीं त्याची नेमकी जात विचारावी, ती परिशिष्टांत आहे कीं नाहीं हें पाहावें, पक्कें बिल मागावें आणि आईबाप कोठले तें विचारावें. 'येथलीच पैदास आहे साहेब' एवढ्या तोंडी आश्वासनावर विश्वास ठेवूं नये.

दुसरी गोष्ट वैद्याची. संगमनेर हा दुधाचा तालुका. येथले पशुवैद्य गाईम्हशींचें पोट हातानें दाबून रोग सांगतील, पण सरड्याची नाडी त्यांना ठाऊक असण्याचें कारण नाहीं. अशा प्राण्यांवर उपचार करणारे थोडे वैद्य आहेत ते मुख्यतः मुंबई-पुण्यास. त्यांचें नांव-पत्ता आधीं मिळवावा, प्राणी मागून.

तिसरी वर्षांची. मुलगी आज अकरा वर्षांची. सरडा बारा वर्षें जगला तर ती तेवीस वर्षांची होईल. मधल्या काळांत दहावी, बारावी, कदाचित् परगांवचें कॉलेज. त्या काळांत किडे कोण घालणार ? अर्थात् आई. हें मीं तिच्या आईला फोनवर विचारलें तेव्हां त्या माउलीनें नुसतें "हो ना, गुरुजी" एवढेंच म्हटलें. आणि कंटाळा आला म्हणून प्राणी टेकडीवर सोडून देणें हा मार्ग नव्हे. बहुधा तो मरेल. न मेला तर तें अधिक वाईट. अमेरिकेच्या फ्लॉरिडा संस्थानांत सुटलेले इग्वाना आतां तेथील बागांचे व कालव्यांच्या बांधांचे शत्रु होऊन बसले आहेत, आणि आपल्याच शहरांतल्या तळ्यांत हौशी लोकांनीं सोडलेलीं लाल कानांचीं परदेशी कांसवें सांपडतात.

ज्याच्याकडे वेगळी खोली आहे, घरांत तान्हें मूल नाहीं, विजेची खात्री आहे, जो स्वतः रोज तासभर देऊं शकतो आणि ज्याला त्या बदल्यांत प्रेमाची अपेक्षा नाहीं, अशा प्रौढ माणसानें कागदपत्रें नीट पाहून दाढीवाला सरडा पाळला तर मी त्याला दोष देणार नाहीं. प्रेमाची अपेक्षा नाहीं असें मीं मुद्दाम म्हटलें. हा प्राणी माणसाच्या अंगावर शांत बसतो, तें पाहून लोकांना गहिंवरून येतें. त्याला माणसाची सवय होते हें खरें, रोजचा हात तो ओळखतो असेंहि पाळणारे सांगतात. परंतु छातीवर तो बसतो तो पुष्कळ वेळां छाती ऊबदार असते म्हणून.

माझें पत्र गेल्यावर मुलीचें उत्तर आलें. तिनें वाद घातला नाहीं. फक्त एक प्रश्न विचारला: "मग दुकानांतल्या त्या सरड्याचें काय होईल ?" सबंध पत्रव्यवहारांत मला अवघड वाटला तो हाच प्रश्न. तो सरडा कोणीतरी घेईल. तो माणूस वरच्या वर्णनांतला असेल किंवा नसेल. तिनें घेतला तर तो एक कदाचित् सुखी होईल, आणि दुकानदार त्याच आठवड्यांत दुसरा मागवील. सांड्याच्या चटईपुढें उभ्या असलेल्या दयाळू गृहस्थाला जें सांगितलें तेंच मीं तिला लिहिलें. तिचें समाधान झालें असें मी म्हणत नाहीं. पेटी लहान असेल, दिवा नसेल, पाणी नसेल तर दुकानदाराला तसें बोलून दाखवावें, आणि न ऐकल्यास वडिलांनीं प्राणि-क्लेश-प्रतिबंधक संस्थेकडे किंवा पशुसंवर्धन खात्याकडे तक्रार करावी, एवढें तिच्या हातांत आहे असें कळविलें. पुढच्या रविवारीं वडील तिच्याबरोबर दुकानांत जाऊन आले. दिवा होता, सांवली नव्हती. दुकानदारानें एक फुटकें कौल आंत ठेवलें.

आणि तिच्या वहीचें काय करावें, तेंहि लिहिलें. आपल्या दख्खनच्या उघड्या माळांवर एक वीतभर लांबीचा सरडा असतो. एरवीं तो मातीच्या रंगाचा, नजरेंतहि भरणार नाहीं. पण वळवाच्या आधींच्या महिन्यांत नर उंचशा दगडावर चढतो, मागच्या पायांवर अंग उचलतो आणि गळ्याखालची घडी पंख्यासारखी उघडतो. कांहीं जातींत ती निळी, काळी आणि नारिंगी अशा तीन रंगांत झळकते. २०१६ सालीं या सरड्यांचा नव्यानें अभ्यास झाला, त्यांत आपले डॉ. वरद गिरी हेहि होते, आणि त्यांतल्या कांहींचा निराळा वंश पाडून त्याला 'सरडा' हेंच आपलें मराठी नांव शास्त्रांत देण्यांत आलें. त्या वंशांतली सर्वांत देखणी जात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरची. तेथें पवनचक्क्या उभ्या आहेत. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं तेथें असें पाहिलें कीं, पवनचक्क्यांच्या भागांत शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी झाले, त्यामुळें सरडे वाढले, माणूस फार जवळ येईपर्यंत ते पळेनासे झाले, आणि गर्दीमुळें अंगानें मात्र रोड झाले. हें २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. संशोधकांच्या पद्धतीचा गाभा अकरा वर्षांच्या मुलीलाहि जमेल असा आहे: सरड्याकडे सरळ, सारख्या चालीनें चालत जावयाचें आणि तो किती पावलांवर पळाला तें मोजून लिहावयाचें.

एप्रिल-मेमध्यें, सकाळीं आठ ते साडेदहाच्या दरम्यान जावें. त्यानंतर दगड फार तापतात आणि ते झुडपांच्या मुळाशीं जातात. डोक्याला टोपी, पायांत बूट, बरोबर पाणी, आणि वडील माणूस. दगड उलटे करूं नयेत, खालीं विंचू किंवा फुरसें असतें. पहिला नर दिसला कीं तीस-चाळीस पावलांवर खालीं बसावें आणि हलूं नये. पांच-दहा मिनिटांत तो माणसाला विसरतो आणि पंखा उघडतो.